गाडी पाहण्याआधी तिची फाइल पाहा

किट कार, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून घरी जोडलेली गाडी, विकत घ्यायची असेल तर आधी गाडी पाहू नये, तिची फाइल पाहावी, असे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो आणि ते कोणालाच फारसे रुचत नाही. कारण उघड आहे. समोर पाचशे-साडेपाचशे किलोंची, छप्पर नसलेली, जेमतेम दोन माणसे मावतील अशी आणि पुढची चाके अंगाबाहेर मिरवणारी गाडी उभी असताना कागद चाळण्यात कोणाचे मन रमणार? पण इंग्लंडमध्ये अशी गाडी स्वतः बाळगल्यावर आणि ओळखीच्या मालकांचे घेण्या-विकण्याचे व्यवहार जवळून पाहिल्यावर माझे मत पक्के झाले आहे. दोन गाड्यांचे इंजिन एकच असेल, सांगाडा एकाच कारखान्यातला असेल, अगदी रंगही तोच असेल, तरी त्यांच्या किमतीत जी तफावत पडते ती बहुतेक वेळा गाडीत नसते, कागदांत असते.

हा सगळा प्रकार मुळात करामुळेच फोफावला. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये ‘सेव्हन’ ही छोटी उघडी गाडी बाजारात आणली तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर भरावा लागे, सुट्या भागांच्या संचावर मात्र तो लागत नसे. अट अशी होती की संचासोबत जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. त्यावर लोटसने गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या आणि ग्राहकाने त्या शेवटून सुरुवातीकडे वाचाव्यात अशी सोय करून ठेवली, हा किस्सा सेव्हनवाल्यांच्या बैठकीत अजूनही चवीने सांगितला जातो. १ एप्रिल १९७३ रोजी खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि किटचा हा फायदा संपला. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क ग्रॅहम निअर्न यांच्या केटरहॅम कार्सकडे गेले आणि ती गाडी पुढे केटरहॅमच्या नावाने चालू राहिली. करसवलत संपली तरी घरच्या गॅरेजमध्ये गाडी जोडण्याची हौस काही संपली नाही. वेस्टफील्ड, टायगर, एमके, रॉबिन हूड अशा अनेक लहानमोठ्या ब्रिटिश कारखान्यांनी त्याच धाटणीच्या गाड्या काढल्या, नेदरलँड्समध्ये डोंकरव्होर्ट आणि दक्षिण आफ्रिकेत बर्किन उभी राहिली, आणि नव्वदच्या दशकात तर जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग वापरून सांगाडासुद्धा स्वतःच वेल्ड करणाऱ्या ‘लोकॉस्ट’वाल्यांची एक वेगळी जमातच तयार झाली.

या गाड्यांचे आकर्षण वजनात आहे, ताकदीत नाही, हे एकदा सांगून टाकतो. केटरहॅमने २०२१ मध्ये आणलेल्या सेव्हन १७० चे वजन ४४० किलो आहे आणि तिच्यातले ६६० सीसीचे सुझुकी टर्बो इंजिन ८४ अश्वशक्ती देते. कागदावर हा आकडा एखाद्या साध्या हॅचबॅकचा वाटतो, पण ती हॅचबॅक हजार-बाराशे किलोंची असते. याच घराण्यातल्या ६२०आर या गाडीला ३१० अश्वशक्ती आहे. ती चालवणाऱ्यांच्या धैर्याबद्दल मला आदर आहे, पण गावोगावच्या अरुंद रस्त्यांवर आठवडाअखेरीस फिरायचे असेल तर कमी ताकदीची गाडीच जास्त वेळ मोकळेपणाने चालवता येते, असे माझे मत आहे. किमतीच्या बाबतीतही हे लक्षात ठेवावे, कारण सर्वांत ताकदवान गाडी सर्वांत महाग असली तरी तिला गिऱ्हाईक मिळणे सर्वांत सोपे असतेच असे नाही.

आता नोंदणीकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. १९९८ पर्यंत घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणणे तुलनेने सोपे होते. वार्षिक तपासणीच्या म्हणजे एमओटीच्या निकषांत ती बसली की बाकीचे काम कागदोपत्री उरकत असे. १९९८ मध्ये एसव्हीए ही एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी किट कारना लागू झाली आणि २००९ मध्ये तिची जागा अधिक काटेकोर अशा आयव्हीएने घेतली. म्हणून जुनी किट कार पाहताना ती कोणत्या काळात प्रथम नोंदली गेली, हे विचारणे हा पहिला शहाणपणाचा प्रश्न आहे. तपासणीपूर्व काळातली प्रत्येक गाडी वाईट असते असे नाही, आणि काही तर अप्रतिम बांधलेल्या आहेत, परंतु त्यांच्या बाबतीत बांधणाऱ्याच्या कारागिरीची साक्ष द्यायला त्रयस्थ कोणी नसतो.

आयव्हीएची तपासणी किती बारकाईची असते याची कल्पना बाहेरच्याला येत नाही. तपासनिसाकडे १०० मिलिमीटर व्यासाचा एक गोळा असतो. गाडीच्या बाहेरच्या अंगावर तो गोळा जिथे जिथे टेकू शकतो तिथली प्रत्येक कड किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येइतकी गोलसर असावी लागते, म्हणजे एखादा पादचारी गाडीवर आदळला तर त्याला धार लागू नये. सेव्हनसारख्या गाडीत पुढचे सस्पेन्शन पूर्ण उघडे असते, विशबोनचे, म्हणजे चाक सांगाड्याला जोडणाऱ्या त्रिकोणी दांड्यांचे, नट-बोल्ट बाहेर दिसतात, मडगार्डच्या कडा पातळ असतात, दिव्यांचे दांडे पुढे आलेले असतात, आणि या प्रत्येक ठिकाणी तो गोळा टेकतोच. त्यामुळे बांधणारे लोक कडांवर रबरी पट्ट्या चढवतात, नटांवर प्लॅस्टिकच्या टोप्या बसवतात, आणि तपासणीला निघालेली गाडी सगळीकडून काळ्या रबरात गुंडाळल्यासारखी दिसते. प्रमाणपत्र हाती पडल्यावर त्यातल्या निम्म्या पट्ट्या एका संध्याकाळी उतरतात, हे उघड गुपित आहे. मला हा प्रकार आवडत नाही. एखादा विक्रेता त्या पट्ट्या आणि टोप्या पिशवीत घालून गाडीसोबत देतो तेव्हा मात्र मी त्याला मनातल्या मनात चांगले गुण देतो, कारण असा माणूस सहसा बाकीच्या वस्तूही जपून ठेवतो.

कडांखेरीज सीटबेल्टचे आधार, ब्रेक, आरसे, धुक्याचा दिवा आणि धूर हे सगळे पाहिले जाते. आवाजाची मर्यादा ९९ डेसिबल आहे. वेगमापक खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये, थोडा जास्त दाखवला तर चालतो. हलक्या गाड्यांचे घोडे अनेकदा अडते ते स्टीअरिंगपाशी: वळणावर स्टीअरिंगचे चाक सोडले की ते आपोआप सरळ दिशेकडे परत आले पाहिजे, आणि पुढच्या चाकांवर वजनच फारसे नसल्यामुळे ते आळसाने अर्ध्यावर थांबते. मग कॅस्टरचा, म्हणजे पुढची चाके ज्या आसावर वळतात त्याच्या मागे झुकण्याचा, कोन वाढवणे, टायरमधली हवा बदलणे असे उपाय करून पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. विशेष म्हणजे नोंदणी नसलेली ही गाडी आधी ठरलेल्या तपासणीला चालवत नेता येते, मात्र विमा हवा, आणि नंबरप्लेट नसल्याने तो सांगाड्याच्या क्रमांकावर काढावा लागतो.

तपासणी पार पडली की प्रमाणपत्र, नोंदणीचा अर्ज, बांधलेल्या गाडीचा व्ही६२७/१ हा तपशीलपत्रक-अर्ज, भागांच्या पावत्या, फोटो आणि जुन्या गाडीचे भाग वापरले असतील तर तिचे लॉगबुक म्हणजे नोंदणीपत्र, असा सगळा गठ्ठा वाहननोंदणी करणाऱ्या स्वान्सीच्या डीव्हीएलए कार्यालयाकडे जातो. तिथे ठरते की गाडीला कोणती नंबरप्लेट मिळणार, आणि पुढची कित्येक वर्षे तिच्या किमतीवर या निर्णयाची छाया राहते.

सगळे भाग निर्मात्याकडून नवेकोरे आले असतील तर गाडीला चालू वर्षाचा क्रमांक मिळतो. त्यात एक भाग नव्यासारखा दुरुस्त केलेला असला तरी चालतो, फक्त त्याचा पुरावा लागतो. केटरहॅमचे पूर्ण किट घेणारे बहुधा या वाटेने जातात. सांगाडा नवा, पण इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल यांसारखे किमान दोन मुख्य भाग एकाच जुन्या गाडीतून घेतलेले असतील, तर त्या जुन्या गाडीच्या वयानुसार क्रमांक मिळतो. आणि भाग चार ठिकाणांहून गोळा केलेले असले किंवा त्यांचे वय सिद्ध करता आले नाही तर क्यू अक्षराने सुरू होणारी प्लेट येते. ही प्लेट १९८३ पासून दिली जाते आणि तिचा अर्थ एवढाच की गाडीचे वय किंवा मूळ निश्चित सांगता येत नाही.

क्यू प्लेट म्हटले की खरेदीदार नाक मुरडतात. तिच्या जागी आपल्या आवडीचा खासगी क्रमांक लावता येत नाही, काही विमा कंपन्या हात आखडता घेतात, आणि पुढे विकताना घासाघीस ठरलेली. मला मात्र या प्लेटची इतकी धास्ती अनाठायी वाटते. घरी शून्यापासून बांधलेल्या गाडीचे मूळ खरोखरच मिश्र असते आणि क्यू प्लेट ते प्रामाणिकपणे सांगते. शिवाय एमओटीत पेट्रोलच्या क्यू प्लेट गाडीचा धूर १ ऑगस्ट १९७५ पूर्वीची गाडी समजून तपासला जातो, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या धुरापुरताच. जुन्या कार्ब्युरेटरवर चालणारे इंजिन बाळगणाऱ्याला ही सवलत दरवर्षी कामाला येते. क्यू प्लेटची चांगली गाडी थोडी स्वस्त मिळत असेल आणि ती लवकर विकायचा विचार नसेल, तर ती घेण्यात मला काहीच गैर दिसत नाही.

गैर दिसते ते वेगळ्या ठिकाणी. लॉगबुकवर निर्मात्याच्या रकान्यात ‘फोर्ड’ आणि मॉडेलच्या रकान्यात ‘सिएरा’ लिहिलेले असते आणि समोर उभी असते दोन आसनांची, नळ्यांच्या सांगाड्याची उघडी गाडी. म्हणजे कोणीतरी कधीकाळी सिएरा मोडून तिचे भाग नव्या सांगाड्यात घातले, पण त्याची नोंद केली नाही आणि जुन्याच क्रमांकावर गाडी पळवत राहिले. अशा गाड्या वर्षानुवर्षे एमओटी पार करतात, कर भरतात, हात बदलतात आणि कोणी काही विचारत नाही. पण ज्या दिवशी कोणी विचारतो, त्या दिवशी तो क्रमांक रद्द होऊ शकतो, गाडीला आयव्हीए द्यावी लागते आणि मग बहुधा क्यू प्लेट पदरी पडते. विमा कंपनीनेही अपघातानंतर विचारले की आम्ही विमा सिएराचा उतरवला होता, ही कोणती गाडी, तर उत्तर देणे अवघड आहे. ‘एवढी वर्षे काही झाले नाही’ हे विक्रेत्याचे म्हणणे खरे असले तरी त्याला किंमत शून्य आहे. आयव्हीएचा सगळा खर्च आणि त्यासाठीचे बदल वजा करून जी रक्कम उरेल तीच अशा गाडीची किंमत समजावी.

रस्ताकराची गोष्ट थोडक्यात. घरी बांधलेल्या गाडीला कार्बन उत्सर्जनाचा अधिकृत आकडा नसतो, म्हणून तिचा कर इंजिनाच्या आकारावर ठरतो आणि त्याची सीमारेषा १५४९ सीसी आहे. १.४ लिटरचे रोव्हर इंजिन खालच्या दरात बसते, १.६ चे फोर्ड वरच्या. लॉगबुकवरचा सीसीचा आकडा आणि बॉनेटखालचे इंजिन जुळते का, हे पाहून घ्यावे, कारण या गाड्यांत इंजिने सदऱ्यासारखी बदलली जातात आणि कळवायचे राहून जाते.

मूल्यांकनाचा खरा त्रास असा की साध्या गाड्यांसाठी जी छापील किंवा संगणकीय दरपत्रके असतात त्यांत या गाड्यांना जवळजवळ स्थानच नाही. नोंदणीवर्ष आणि मैल एवढ्यावर किंमत सांगणारा दलाल इथे हमखास फसतो. एकाच वर्षाच्या, एकाच नावाच्या दोन गाड्यांत एकीला मागे साधा एकसंध (लाइव्ह) ॲक्सल आणि दुसरीला हलक्या आडव्या नळीची डी डिऑन मांडणी, एकीला फोर्डचा पाच गिअरचा टाइप ९ गिअरबॉक्स आणि दुसरीला सहा गिअरचा, एकीचा सांगाडा मूळ अरुंद घडणीचा तर दुसरीचा २००० पासून मिळणारा रुंद एसव्ही असतो. शेवटची बाब विनोदाने घेऊ नये. उंच किंवा रुंद खांद्यांच्या माणसाला अरुंद गाडीत बसता येते, पण कोपर आत घेऊन तासभर चालवता येत नाही, त्यामुळे एकाच गाडीसाठी दोन खरेदीदार दोन वेगळ्या रकमा द्यायला तयार असतात.

नावाचाही भाव असतो. केटरहॅम आपली किंमत सर्वांत चांगली टिकवते, वेस्टफील्ड तिच्यामागे, आणि बाकीच्या नावांत बांधणाऱ्या माणसाचा हात कसा होता यावर सगळे अवलंबून. मूळ लोटस सेव्हनचा बाजार तर निराळाच आहे. १९५७ ते १९७३ या काळात त्या सुमारे अडीच हजारच बनल्या. त्यामुळे त्यांच्या बाबतीत सांगाड्याचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक आणि मालकांची सलग साखळी हीच जणू गाडी असते. केटरहॅमचे नाक बदलून ‘लोटस’ म्हणून खपवण्याचे प्रयत्न होतात, तेव्हा हा पुरावा नसलेल्या गाडीकडे कितीही गोड बोलले तरी पाठ फिरवावी.

फाइलमध्ये मी काय शोधतो? तपासणीचे प्रमाणपत्र, किटची मूळ पावती, डीव्हीएलएशी झालेला पत्रव्यवहार, आणि बांधणीचे फोटो. फोटोंना मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. वायरिंग झाकले जाण्याआधी कसे ओढले होते, ब्रेकच्या नळ्या सांगाड्याला किती अंतरावर बांधल्या आहेत, पत्रा बसवण्याआधी नळ्यांवर लेप दिला होता का, हे आता गाडी सोलल्याशिवाय दिसणार नाही, पण फोटोत दिसते. ज्याने ते काढून ठेवले त्याला आपल्या कामाची लाज वाटत नव्हती, एवढे तरी नक्की.

फाइल पसंत पडली की मग गाडीखाली शिरावे. सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि त्यावर रिव्हेट केलेला पत्रा ॲल्युमिनियमचा असतो. हे दोन धातू जिथे एकमेकांना टेकतात आणि फटीत पाणी मुरते तिथे ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी येते आणि पत्रा आतून फुगतो. विजेरी तिरपी धरून रिव्हेटांच्या रांगेवरून नजर फिरवली की तो फुगवटा सावलीने उठून दिसतो. सांगाड्यावरचे पावडर कोटिंग दिसायला देखणे, पण एकदा तडकले की पाणी आत धरून ठेवते आणि वरून चकचकीत दिसणारी नळी खाली गंजत जाते. पायांच्या खोबणीच्या खालच्या नळ्या आणि मागच्या ॲक्सलभोवतीचा भाग अंगठ्याच्या नखाने दाबून पाहावा. निरोगी कोटिंग दबत नाही, गंज धरलेले पापडासारखे उचलले जाते. पुढच्या विशबोनच्या जोडापाशी नळीला बारीकसा जरी बाक असला तरी चाक कुठेतरी आदळलेले आहे असे समजावे, नाकाचा फायबरग्लास कितीही नवा असो.

अपघाताच्या नोंदीबद्दल एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ऑक्टोबर २०१७ पासून विमा कंपन्या दुरुस्त होऊ शकणाऱ्या गाड्यांसाठी एस आणि एन असे दोन वर्ग वापरतात, एस म्हणजे सांगाड्याला इजा आणि एन म्हणजे नाही. या गाड्यांत सांगाडा बाहेरच्या कातडीला खेटूनच असल्याने किरकोळ धडकेतही एस वर्ग लागतो. कारखान्याच्या किंवा जाणकार कारागिराच्या साच्यावर दुरुस्त केल्याची पावती असेल तर अशी गाडी योग्य सूट घेऊन घ्यायला हरकत नाही. पावती नसेल तर मी पुढे बोलतच नाही.

इंजिनांपैकी रोव्हरच्या के-सीरीजचे हेड गॅस्केट कुप्रसिद्ध आहे. ते बदलल्याचा कागद असणे हा दोष मानू नये, उलट जमेची बाजू धरावी. मोटरसायकलचे इंजिन बसवलेल्या गाड्या फार मजेदार असतात, परंतु त्यांना गिऱ्हाईक थोडे आणि चोखंदळ. सुधारणांवर ओतलेला पैसा विकताना परत येत नाही, आणि जाहिरातीत त्यांची लांबलचक यादी असली की मी उलट सावध होतो. गाडी मूळ घडणीची असेल, पावसासाठीची काच, दारे आणि छप्पर असा संच शाबूत असेल, तर त्याला मी महागड्या डॅम्परपेक्षा (धक्के शोषणाऱ्या भागांपेक्षा) जास्त मोजीन. आणि खरेदी शक्यतो पानगळीनंतर करावी. वसंतात ऊन पडले की याच गाड्यांचे भाव चढतात आणि विक्रेत्याचा सूर बदलतो.

विमा काढताना बाजारभावाची पॉलिसी घेऊ नये, ठरलेल्या किमतीची घ्यावी. बाजारभाव म्हटले की नुकसानीनंतर कंपनीचा माणूस दरपत्रक शोधतो, त्यात गाडी सापडत नाही आणि मग वादावादी सुरू होते. ठरलेल्या किमतीसाठी कंपनी फोटो, तपशील आणि बहुधा एखाद्या मालक-मंडळाचे मूल्यप्रमाणपत्र मागते. ते एकदा देऊन विसरू नये, कारण ठरलेला आकडा काही वर्षांत जुना होतो आणि नूतनीकरणाच्या पत्रात तो तसाच पुढे सरकवलेला असतो. इंजिन किंवा सस्पेन्शनमधला प्रत्येक बदल लेखी कळवावा. सर्किटवर गाडी चालवण्याचे दिवस साध्या पॉलिसीत धरलेले नसतात, त्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो.

बाळगण्याचे म्हणाल तर या गाड्या फारसे काही मागत नाहीत. कोरडी, हवा खेळणारी जागा, हिवाळ्यात बॅटरीला हलका चार्ज, आणि रस्त्यावर मीठ पसरले असताना गाडी बाहेर न काढण्याचा संयम एवढे पुरते. जोड इतके उघडे असतात की स्पॅनर घेऊन बसणाऱ्याला बहुतेक कामे घरीच करता येतात. फक्त केलेल्या प्रत्येक कामाची तारीख, मैल आणि भागाची पावती त्याच दिवशी फाइलला लावावी, कारण घरच्या कामाला दुसरा कोणताही साक्षीदार नसतो. विकताना हीच पाने समोर ठेवता येतात, आणि ज्या खरेदीदाराला ती चाळायलाही वेळ नाही त्याच्याशी किमतीवर घासाघीस करण्याची मला गरज वाटत नाही.